रॉकेलची रांग आणि ढोल

चलेजावच्या चळवळीच्या वर्षी मी बेळगावच्या कोर्टात कारकून होतो आणि संध्याकाळी कॅम्पातल्या एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचो. आमचे बँडमास्तर गोव्याचे, पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले. त्यांनी एक नवी रचना बसवायला घेतली. पहिल्या तालमीला आम्हांला ते नुसते सूर वाटले. मग त्यांनी हळूहळू उलगडून सांगितलं. सगळी व्हायोलिनं एकाच सुरावर रेंगाळतात, ती रॉकेलची रांग. कर्णे चढत जातात, ते तांदळाचे भाव. निपाणीत तंबाखूचे सौदे थांबले, तिथं बासरी मधेच तुटते. शेवटी खडेबाजारात मोर्चावर लाठ्या पडल्या, तो ढोल.

"मास्तर, कोणी ओळखलं तर?" मी विचारलं.

"सुरांना कोण पकडणार?" ते म्हणाले. पण तालमीच्या खोलीचं दार त्यांनी आधीच आतून लावून घेतलं होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी सरकारी हाय आपली. नगा वाजवू."

खडेबाजारातल्या त्याच मोर्चात माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला होता. तो घरातच लपून होता. मास्तरांना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

कार्यक्रम कॅम्पातल्या हॉलमध्ये झाला. पुढं गोरे अधिकारी आणि त्यांच्या मडमा, दाराशी एक फौजदार. ढोल सुरू झाला तसा फौजदार भिंतीपासून सरकून ताठ उभा राहिला. मी खाली मान घालून वाजवत राहिलो.

टाळ्या पडल्या. एक मडम मास्तरांना म्हणाली, वादळ फार छान उभं केलंत.

मी व्हायोलिन पेटीत ठेवत होतो, तेवढ्यात फौजदार जवळ आला. हळूच म्हणाला, "वादळ न्हाय त्ये. मी हुतो बाजारात." थोडं थांबून त्यानं विचारलं, "भावाचा हात बरा हाय न्हवं?"

ही धमकी होती की चौकशी, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं कित्येक दिवस दाराची कडी वाजली की भाऊ माळ्यावर चढायचा. पण त्याला पकडायला कोणी आलं नाही.

पुढच्या कार्यक्रमात मास्तरांनी तीच रचना पुन्हा ठेवली. मी हॉलच्या दाराकडे बघत वाजवली.