शेजारच्या कपाशीवरचं ड्रोन

आमचे हे फौजेतून सुटीवर आले तेव्हा लंगडत होते. मांडीत स्फोटातले लोखंडाचे बारीक तुकडे राहिले होते. विचारलं तर "लागलं थोडं" एवढंच. त्यांच्या ताटात जेवणारा सोबती त्याच स्फोटात गेला, हे मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी खोदून विचारणारी बाई नाही.

एकदा ओट्यावर फवारणीचा पंप दुरुस्त करताना ते आपणहून बोलले.

"हा पंप पाह्यतेस? याच्यापेक्षा स्वस्तात तिकडं माणूस मरते. चार पंखे, एक कॅमेरा, अन् खाली चिकटपट्टीनं बांधलेला गोळा. पलीकडच्याइनं आमच्यावर सोडलं. आम्हीबी सोडतो. बाजारातले सुटे भाग आणून चौकीतच जोडतो."

मी त्यांच्या हातात पाना दिला. मग म्हणाले, "पडद्यावर खालचा माणूस दिसते. काठी घेऊन ड्रोनले हाकलते. तू ज्वारीवरची पाखरं हाकलतेस ना, तसाच."

बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा फवारणीचा ताप गेला म्हणून सासूबाईंनी पंप माळ्यावर टाकला होता. मग गुलाबी बोंडअळी आली अन् पंप खाली उतरला. हे लंगडत आले त्या साली शेजारच्या सुनेला बचत गटाचं फवारणीचं ड्रोन मिळालं. ती शिकून आली. साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून ती ते उडवी, अन् माणसं धुऱ्यावर, वावराच्या बांधाला उभी राहून पाहत. पण ते आमच्या बाजूला कधी आलं नव्हतं. आपल्या वावरात फवारा मारताना शेजाऱ्याला सांगायची आमच्याकडे रीत नाही. तिनंही सांगितलं नाही.

त्या दिवशी मी ज्वारीतल्या मचाणावर गोफण घेऊन उभी होते. हे अन् सासूबाई खाली कपाशीत निंदत होते. ज्वारीमागून घोंगावत तिचं ड्रोन वर आलं. यांनी मान वर केली, अन् सासूबाईंना सरीत पाडून त्यांच्या अंगावर पालथे पडले. म्हातारीचं तोंड ढेकळावर आपटलं. दात तुटून रक्त आलं.

मग त्यांना धुऱ्यावर रिमोट घेऊन उभी असलेली ती दिसली.

लंगडा पाय ओढत ते धावले अन् तिचा गळा धरला. ती मागं कोसळली. रिमोट हातातून उडून कपाशीत पडला. ड्रोन होतं तिथंच हवेत थांबलं. पडेना, जाईना, नुसतं घोंगावत राहिलं.

"बंद कर! उतरव ते! तो मरून राह्यला!" हे ओरडत होते. मेलेल्या सोबत्यालाच ते वाचवत होते.

तिचा सासरा फावडं घेऊन आला. दांड्यानं यांच्या पाठीवर, खांद्यावर मारू लागला. "सोड बे! सोड, नाहीतर मुंडकं फोडतो तुह्यं!" कातडी फाटून सदरा लाल झाला. यांना काही लागत नव्हतं. तिचे पाय माती उकरत होते, ते हळूहळू थांबायला आले. डोळे पांढरे झाले.

वरून मला दिसत होतं. तो आवाज चालू आहे तोवर हे हात सुटणार नाहीत.

गोफणीनं पाखराला नेम धरून कोणी मारत नाही. दगड नुसता सोडायचा, आवाजानं थवा उडतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा नेम धरला. पहिला दगड वरून गेला. दुसरा पंख्यात बसला. पातं तुटून उडालं, ड्रोन कलंडलं अन् कपाशीत शिरलं. बोंडं, पानं छाटत फिरलं. टाकी फुटली. औषधाचा उग्र वास सुटला अन् सारं शांत झालं.

यांचे हात उघडले. तिच्या गळ्यावर बोटं उमटलेली पाहून ते बाजूला जाऊन ओकले. सासरा अजून मारतच होता. सासूबाई रक्ताळल्या तोंडानं लेकावर आडव्या पडल्या.

"आता नको मारू दादा, त्याले शुद्ध आली."

शेजारच्या सुनेनं शिट्टीसारखा श्वास घेतला तेव्हा मी मचाणावरून उतरले.

तिला जीपनं तालुक्याला नेलं. संध्याकाळी तिची माणसं काठ्या घेऊन आमच्या अंगणात आली, म्हणाली, पोलिसात रपट देतो, नोकरी घालवतो. हे हात जोडून उभे राहिले. "द्या. मले नेलं तरी चालते."

दवाखान्यातून आल्यावर ती स्वतः आली. गळ्याला पदर गुंडाळलेला, आवाज घोगरा.

"रपट देत नाही, भाऊजी. पण ड्रोन तुम्हीच नीट करून द्या. मले ते उडवायचं हाय. तुमच्या भेवानं मी घरात बसणार नाही."

यांनी ओट्यावर ते सारं खोललं. मोटार हातात धरून बराच वेळ पाहिली. "तिकडंबी अशाच असतात," म्हणाले. हातातून स्क्रू खाली पडत, मी वेचून देई.

ते पुन्हा उडालं त्या दिवशी तिनं धुऱ्यावरून आधी हाक दिली, "भाऊजी, उडवून राह्यली वो!"

हे विहिरीजवळच्या झाडाखाली बसले. मी शेजारी बसले. लोकांसमोर आम्ही असे कधी बसलो नव्हतो. घोंगावणं सुरू झालं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. आवळत गेले. माझ्या बांगड्या वाढल्या, काचा आत रुतल्या, रक्त कोपरापर्यंत आलं. मी हात ओढला नाही.

"उतरलं वो!" पलीकडून तिची हाक आली. मग त्यांनी हात सोडला.