दगड चाखणारे काका

आखातातल्या रास अल खैमाच्या धक्क्यावर, जुन्या लढाईत तोफांनी पाडलेली एक वखार आम्ही पुन्हा उभी करत होतो. मी साइट इंजिनिअर. भिंती रचायला कोकणातले एक वयस्क गवंडी होते, सगळ्या साइटचे काका.

वखारीचे मूळ दगड पोवळ्याचे, समुद्रातून काढलेले. त्यांतलं मीठ उतरावं म्हणून ते गोड्या पाण्याच्या टाकीत भिजत ठेवले होते. काका एकेक दगड बाहेर काढायचे, बनियनला पुसायचे, जिभेचं टोक लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पसंत पडला तर अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणून पुढे द्यायचे. नाहीतर "ह्यात अजून समुद्र आहे" म्हणत परत टाकीत सोडायचे.

मी वैतागायचो. "काका, लॅबचा रिपोर्ट ओके आहे. इथे डेडलाइन चुकतेय!"

"साहेब, तोफेनं पाडली तेव्हा गवंड्याला कोणी बोल लावला नाय," ते शांतपणे म्हणाले. "मिठानं पोपडे धरले, तर बोल मलाच."

काम संपलं, काका गावी गेले. यंदा ऑगस्टच्या दमट उकाड्यात मी मुद्दाम वखार बघायला गेलो. कुठेही पोपडा नव्हता. तरी खात्री करायला आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि चाखलं. खारट!

मग लक्षात आलं, घाम माझाच होता.

पहारेकऱ्याची पाठ वळताच मी सरळ भिंतीलाच जीभ लावली. डोळे आपोआप मिटले. समुद्र होता तिथेच होता, धक्क्याच्या पलीकडे.