एका जागी सात मिनिटं

आमच्या कॉलेजचा जॅझ बँड गेल्या वर्षी पणजीच्या स्पर्धेत वाजवत वाजवत स्टेजवरून खाली उतरला, प्रेक्षकांच्या मधून गेला आणि दारातून बाहेर पडला. एकही सूर न चुकवता. कोण म्हणतं फाटकापर्यंत गेलो, कोण म्हणतं बसस्टँडपर्यंत. सगळ्यांच्या पुढं मी होतो, तेव्हा माझं ऐका : मांडवी नदी आडवी आली म्हणून थांबलो, नाहीतर मुंबई गाठली असती.

आता हे का झालं ते सांगतो. आमच्या आठ जणांतले सातजण लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या घरातले. माझ्या हातात ट्रम्पेट दिला चुलत्यानं, माझे दुधाचे दात पडायच्या आधी. त्याची शिकवण एकच होती. नवरदेवाची मिरवणूक मुहूर्तावर मांडवात पोचवायची कुणी? भटजीनं न्हवं, नवरदेवाच्या बापानं न्हवं. बँडवाल्यानं! नाचणारी पोरं जागची हलत नसतात, त्यांच्यामागं घोडं हलत नसतं. मग बँडनं हलायचं. चार ठोके झाले की एक पाऊल पुढं. बँड सरकला की पोरं सरकतात, पोरं सरकली की घोडं सरकतं. ह्या हिशेबानं चुलत्यानं एकही मुहूर्त चुकू दिला नाही. एकदा तर म्हणे घोडं अडून बसलं, तर नवरदेवाला घोड्यासकट सरकवलं.

तर पणजीत माझा एकट्यानं वाजवायचा भाग आला, डोळे मिटले आणि चार ठोक्यांनी माझा पाय पडला. मग काय, मागचे सहा माझ्यामागं. आठवी आमची पियानोवाली, डॉक्टरची पोरगी. तिला पियानो उचलेना म्हणून ती तेवढी स्टेजवर राहिली. त्याचा व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. जयसिंगपूरच्या मावशीनं फोन करून विचारलं, "व्हय रं, पोचलास का घरी?"

यंदा संयोजकांचं पत्र आलं. भाषा साखरेसारखी, अर्थ मिरचीचा : पुन्हा स्टेज सोडलंत तर तुमच्या कॉलेजला दार कायमचं बंद. आणि माझं हे शेवटचं वर्ष. पहिलं पाऊल माझं होतं. ते पुसायला मला स्टेजवरची सात मिनिटं मिळणार होती, तीही एकदाच. बक्षीस गेलं खड्ड्यात. मला फक्त उभं राहायचं होतं.

आमचे सर शिकवतात भौतिकशास्त्र, पण जॅझचं वेड असं की वर्गात लोलकसुद्धा तालात हलवतात. त्यांनी आम्हाला जॅझ एका वाक्यात शिकवला होता : सगळ्यांनी मिळून घरातनं निघायचं, एकेकानं आपापल्या वाटेनं भटकायचं आणि शेवटी सगळ्यांनी परत घरी यायचं. चूक त्यांचीच. इतकं चालणं त्यात घातलं कशाला?

सहा महिने सायकल स्टँडमध्ये सराव केला. सरांनी पायाभोवती खडूचे गोल काढले. आम्ही गोल ओलांडले. दोरीनं खांबाला बांधलं. खांब वाकला, तो आजही वाकलेला आहे, जाऊन बघा. शेवटी सर म्हणाले, "गाडीत बसा. जे होईल ते होईल."

"सर, जे होईल ते गेल्या वर्षी झालंय की," ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

पणजीच्या वाटेवर आजऱ्यात गाडी तापली. थांबलो ते एका काजूच्या कारखान्यासमोर. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला, आणि मी म्हटलं, वेळ वाया घालवायचा नाही, काढा वाद्यं. कारखान्याच्या अंगणात उभं राहून सुरुवात केली. तीस-चाळीस बाया काम सोडून दारात आल्या. माझा भाग आला, चार ठोके झाले आणि बाया एका सुरात ओरडल्या, "चालला! चालला गं त्यो!"

तीन वेळा वाजवलं, तीन वेळा चालला. चौथ्या वेळी एक म्हातारी पुढं आली. हात काजूच्या तेलानं काळे पडलेले.

"पावणं, कुठं निगालायसा?"

"पणजीला, आजी."

"आन् चालतच?"

अंगण फुटेस्तोवर हसलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाय गप बसत न्हाय रं. त्येला जागच्या जागी काम दे."

तिनं मला तिच्या यंत्रावर बसवलं. काजू फोडायचं यंत्र ते. पायानं पॅडल दाबायचं, हातानं दांडा ओढायचा, टचकन टरफल दुभंगतं. "तीस वर्षं झाली, पाय दिवसभर चालतोय. गेलाय का कुठं?"

मग ठरवलं. आठही जणांनी पाळीपाळीनं यंत्रावर बसायचं, बाकीच्यांनी वाजवायचं. चार ठोके, एक काजू. पहिल्या फेरीत आम्ही इतक्या बियांचा भुगा केला की आजी कपाळावर हात मारून म्हणाली, "वाजवा रं, फोडू नगा!" पण पाय ऐकू लागला. गाडी कधीच थंड झाली होती. ड्रायव्हर हॉर्न मारून थकला. आम्ही हललो नाही. पाय पक्का झाल्याशिवाय गाडीत चढायचं नाही, असं आमचं आमच्यात ठरलं होतं. दोन तास लागले.

पणजीत आमचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहातल्या पहिल्या रांगेनं पाय आत घेतले. आम्हाला वाट करून दिली होती! मी ट्रम्पेट तोंडाला लावला.

चौथ्या मिनिटाला माझा भाग आला. डोळे उघडे ठेवले. चार ठोके. मांडीपासून पाय उचलला गेला, मी तो तिथंच दाबला. एक काजू. पुन्हा चार. पुन्हा एक. मागून ट्रॉम्बोनवाला पुटपुटला, "दाब मर्दा, दाब!" घाम डोळ्यांत गेला, पोटरीत गोळा आला, पण सूर असा मोकळा निघाला की मलाच ओळखू येईना. त्या भागात मी निदान अर्धं पोतं काजू फोडला असेल. आणि मग आम्ही सगळे मिळून, उभ्या जागी, घरी परत आलो.

टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या. निवेदिका धन्यवाद म्हणाली. आम्ही उभे. पुढच्या बँडची पोरं वाद्यं घेऊन पायऱ्यांवर आली. आम्ही उभे. विंगेतून सर दोन्ही हातांनी बोलवत होते, पण आम्ही त्यांच्याकडं बघायला तयार नव्हतो. शेवटी निवेदिका माइक बाजूला धरून हळूच म्हणाली, "आता गेलात तरी चालेल."

ट्रॉम्बोनवाल्यानं मला विचारलं, "जायाचं?"

"थांब की लेका अजून जरा," मी म्हणालो.