गेममधल्या संत्र्याले ताण

हसा लेकहो, पण आधी चहा गिळून घ्या. माह्या मूर्खपणाची गोष्ट आहे, नाकातून बाहेर येईन!

माहे दोन दोस्त: प्रफुल्ल पुण्याले गेला, बंटी इंदूरले. सौसरात मी उरलो, बाबासंग संत्र्याच्या बगीच्यात. तिघायची भेट फक्त मोबाइलच्या गेममध्ये. जंगलात घर बांधा, पिकवा, खा, जगून दाखवा! असा गेम चांगला कशानं होते म्हणता? बंदुकीनं? हट्! एकाचं पोट दुसऱ्याच्या हातात पाहिजे, तवा मजा येते.

आमचं पोट माह्या हातात होतं.

"तू खानदानी संत्रेवाला बे," प्रफुल्ल म्हणे, "गेममधला बगीचा तूच पाहा. बर्फ पडायच्या आधी साठा पाहिजे."

मी असा फुगलो! तेवढ्यात बाबा महिनाभरासाठी आत्याकडं नागपूरले निघाले. जाता जाता मोटरचं काहीतरी सांगून राहिले होते. मी मान न उचलता "हो हो" म्हटलं.

गेममध्ये हे दोघं अडाणी झाडाले रोज पाणी देत. अरे, बहार पाहिजे तर ताण द्या ना! पाणी तोडा, झाड सुकू द्या, मंग पाणी सोडा. फुलंच फुलं! मी पाट बुजवला.

"अबे, पानं गळून राहिली!" बंटी ओरडला.

"गळू दे. तुले काय समजते?"

"झाड वाळलं बे!"

"आता पाणी सोडतो, पाहा बहार!"

कायचा बहार बाप्पा! गेम बनवणाऱ्याले ताण माहीतच नव्हता. सगळी झाडं मेली, बर्फ पडला, अन् आम्ही तिघंही उपाशी मेलो. बंटी तर मले शिव्या देत देत मेला.

मंग दोघायनं नवीन डाव मांडला. मले घेतलंच नाही.

"तुले शेतीतलं समजत नाही राजा," प्रफुल्ल म्हणे. "तू आराम कर."

मले! सौसरच्या संत्रेवाल्याले! लय लागलं मनाले. बोलायले दोनच तर माणसं होती माह्याजवळ.

बाबा परत आले, तसे सरळ बगीच्यात गेले. मी मांगं मांगं. झाडं कशी हिरवीगार, टवटवीत! अन् बाबाचा चेहरा उतरलेला.

"ताणावर सोडली होती ना झाडं? मोटरचा ऑटो बंद कर म्हटलं होतं तुले."

मी धावत जाऊन पाहिलं, ऑटो चालूच होता. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, अन् झाडं रोज पोटभर पाणी पिऊन राहिली होती. फूल एक नाही! वर्षाचा बहार गेला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले, मातीचं ओलं ढेकूळ हातात घेतलं अन् हळूच म्हणाले,

"उद्यापासून बगीचा मी पाहतो. तू आराम कर."