मावशीने बेतलेलं इंग्रजी

माझी मावशी घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान चालवते आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याची अक्कलही मापून ठेवते. मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, तरी तिच्या लेखी मी गाढवच.

तिच्या एकुलत्या एका मुलाने परदेशात लग्न केलं. सुनेला मराठी येत नाही, मावशीला इंग्रजी येत नव्हतं. मध्ये दुभाष्या म्हणून मुलगा, आणि तो बोलण्याच्या बाबतीत पक्का कामचुकार. फोनवर मावशी जीव ओतून बोलणार, आणि हा ते बायकोला दोन शब्दांत सांगून मोकळा. तिकडून ती भरभरून बोलणार, आणि हा म्हणणार, "ती म्हणतेय, ठीक आहे."

"एवढी खिदळली आणि नुसतं ठीक आहे?" एकदा फोन ठेवून मावशी माझ्यावरच उखडली. "सुट्टीत येतायत दोघं. मला माझ्या तोंडाने बोलायचंय तिच्याशी. शिकव मला."

मी काळांचा तक्ता घेऊन गेलो. मावशीने तो बघितला न बघितलासा केला.

"हे नको रे बाबा. मला नमुने दे."

तिच्या भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे नमुने टांगलेले असतात. बाहीच्या एकाच नमुन्यावर, इकडे थोडं सोडून तिकडे थोडं धरून, ती शाळकरी पोरीचा झगाही बेतते आणि आडव्या अंगाच्या पोस्टमनचा शर्टही. वाक्यांचंही तिला तसंच हवं होतं. मग मी दिले. ‘वुड यू लाइक मी टू’, म्हणजे तुमच्यासाठी अमुक करू का. ‘हॅव यू एव्हर’, म्हणजे असं कधी केलंय का. ‘आय यूज्ड टू’, म्हणजे पूर्वी माझं असं असायचं, आता नाही.

घोळ एवढाच झाला की मावशीने प्रत्येक नमुन्यावर कापडच बेतलं. पोस्टमन दारात आला की, "हॅव यू एव्हर लॉस्ट अ बटन?" बेकरीवाल्या काकूंना, "आय यूज्ड टू हेट पॉकेट्स." काकू बिचाऱ्या मान डोलवायच्या.

"मावशी, सुनेशी काय खिशांवर बोलणार आहेस?"

"आधी कच्चा टाका, मग पक्की शिवण. तू गप्प बस."

सून आली आणि मावशीची दातखीळ बसली. दिवसभर दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या, आणि मुलगा आपला "ठीक आहे" वाटत फिरत होता. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस घासलेलं सगळं पाण्यात जाणार असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा अंघोळीला गेला आणि सून कोट घालून दुकानात आली. कोटाची बाही तिच्या बोटांवर येत होती. मावशीला ते बघवेना.

"वुड यू लाइक मी टू शॉर्टन द स्लीव्ह?"

सून चमकलीच. तिने हात पुढे केला. मावशी टाचण्या लावू लागली, आणि हाताला काम मिळालं की तिची जीभ सैल होते. मान खाली घालूनच ती म्हणाली, "आय यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ यू."

पूर्वी मला तुझी भीती वाटायची. यात कापड कुठेच नव्हतं. इस्त्रीजवळ उभ्या उभ्या मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

सून स्टुलावर बसली आणि बोलतच सुटली. नवरा दर वेळी ‘आई ओके म्हणतेय’ एवढंच सांगायचा, त्यामुळे आपण सासूला आवडत नाही असं ती धरून बसली होती. मावशीला निम्मं कळलं, उरलेलं तिने चेहऱ्यावरून ताडलं. दोघी हसता हसता रडल्या आणि कोट तसाच टाचण्यांसकट मांडीवर राहिला.

तेवढ्यात मुलगा डोकं पुसत बाहेर आला. "काय गं आई? इतका वेळ काय सांगत होती ती?"

मावशीने डोळे पुसून सुईत दोरा ओवला.

"काही नाही रे. ती म्हणाली, ठीक आहे."