जास्तीचं ग्रीस

आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं दोनच, मी आणि मिस्त्री. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतो, वर्षातले आठ महिने घरी नसतो. वर्कशॉप सासऱ्यांनी काढलं, ते गेल्यावर मी चालवते. लाँचींचे, बर्फाच्या कारखान्यांचे, आंब्याचा पल्प काढणाऱ्यांचे शाफ्ट ग्राइंडिंग करून मापात आणून देणं हे आमचं मुख्य काम. ग्राइंडिंग मशीनच्या घासणाऱ्या चाकाला आम्ही दगड म्हणतो. ताटाएवढा दगड, आणि चालू झाला की फिरताना दिसतसुद्धा नाही. तो ज्या दांड्यावर फिरतो ते स्पिंडल, आणि स्पिंडल ज्यांच्या भरवशावर फिरतं ती बेअरिंगं. त्यांनी दगा दिला तर दगड फुटू शकतो, आणि फुटलेल्या दगडापुढे पत्र्याचं कव्हर फार काळ टिकत नाही. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून पुढे जे केलं त्याला माफी नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना स्पिंडल कुरकुरायला लागलं. बाजारातल्या दुकानदाराने त्याच मापाची साधी बेअरिंगं पुढे केली. मी घेतली नाहीत. पंख्याला, पंपाला ती चालतात. इथे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी हालचालसुद्धा शाफ्टवर लाटा उठवते. पुण्याच्या विक्रेत्याकडून वरच्या अचूकतेची जोडी मागवली. ही दोन बेअरिंगं कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेली असतात. दोन्हींच्या बाहेरच्या कड्यांवर मिळून एक बाणासारखी खूण असते, ती बसवताना जुळली पाहिजे. सीलबंद पाकीट बसवायच्या क्षणापर्यंत फोडायचं नाही, हातोडी मारायची नाही, धूळ लागू द्यायची नाही. मी त्या दिवशी शेड दोनदा पुसून घेतली, पंखा बंद केला. मिस्त्री घामाने निथळत होते.

"वहिनी, बेअरिंग बसवतोय का बाळंतीण न्हाऊ घालतोय?"

"बोलू नका. घाम पडेल त्यात."

मिस्त्री साठीचे. नवऱ्याला भावासारखं मानतात, म्हणून मी वहिनी. त्यांनी जोडी बसवली आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून ग्रीस घातलं. मला ते फारच थोडं वाटलं.

"मिस्त्री, ग्रीस काय तुमच्या खिशातलं जातंय?"

"भातावर तूप नाय वाढायचं हाय, वहिनी. पुरे एवढं."

ते जेवायला गेले. मी त्या बेअरिंगकडे बघत उभी राहिले. समुद्रकाठी राहणाऱ्याला लोखंड उघडं बघवत नाही. आमच्याकडे मार्चमध्ये घेतलेला पाना गणपतीपर्यंत तांबडा होतो. बिजागरी, कुलूप, पंप, जे दिसेल त्याला ग्रीस थापायचं, ही सवय हातात मुरलेली. मी डब्यातलं ग्रीस बोटाने घेतलं आणि दोन्ही बेअरिंगांत गच्च भरलं, बाहेर येईपर्यंत. कड पुसली, झाकण लावलं, चारही बोल्ट आवळले. मिस्त्री आले तेव्हा फक्त म्हटलं, झाकण लावलंय. बाकीचं सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि मला जयगडला शाफ्ट पोचवायचा होता.

जयगडला शाफ्ट उतरवला आणि पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला, जोडी बसली म्हणून सांगायला.

"ग्रीस किती घातलंत, मॅडम?"

"भरपूर. आमच्याकडे खारी हवा आहे."

मग तो म्हणाला, "मशीन चालू केलंत?"

"करतील आता. का?"

"करू देऊ नका. या वेगाला गच्च ग्रीस घुसळून तापतं. तापलं की बेअरिंग फुगतं, फुगलं की आणखी तापतं. मग जाम होतं. चाक लावलेलं असेल तर कुणाला समोर उभं राहू देऊ नका."

मी मिस्त्रींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मशीनपाशी फोन आणायचा नाही, हा नियम माझाच; त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये असणार. शेजारच्या शेडवाल्याला लावला, तो चिपळूणला. परत मिस्त्रींना. परत. अकरा वेळा.

गाडी कशी चालवली ते धड आठवत नाही. आठवतं ते हिशेब करणं. आधी दगड न लावता अर्धा तास फिरवतील. मग बेअरिंगच्या घरावर, म्हणजे ती ज्या लोखंडी कप्प्यात बसतात त्यावर, तळहात टेकवून दहापर्यंत मोजतील. हात ठेववत नसेल तर थांबतील. पण पल्पवाला घाई करत होता, आणि घाई करा असं सकाळी मीच मिस्त्रींना तीनदा म्हटलं होतं. वाटेत निवळी फाट्याला ट्रकांची रांग लागली होती. तिथे गाडीत बसून मी महावितरणला लाइट घालवायची प्रार्थना केली. एरवी लाइट गेली की शिव्या देणारी मी. त्यांच्या बायकोचा नंबर माझ्याकडे होता. तिला काय सांगणार होते? ती घरी, शेडपासून पाच मैलांवर. मी तो नंबर काढला आणि परत ठेवला, कारण तिला फोन करावाच लागला तर तो वेगळ्याच, वाईट कारणाने असेल असं डोक्यात आलं.

शेडच्या दारात पोचले तेव्हा मशीन चालू होतं. आवाज नेहमीचा नव्हता. बारीक, चढा, दातांतून काढल्यासारखा. दगड लावलेला होता. मिस्त्री त्याच्या अगदी समोर वाकून शाफ्ट लावत होते.

"बाजूला व्हा!"

त्यांनी वळून पाहिलं, हलले मात्र नाहीत. मी भिंतीकडून जाऊन लाल बटण दाबलं आणि त्यांचा शर्ट धरून ओढलं.

बंद केल्यावर तो दगड एरवी चार-पाच मिनिटं आपल्या आपण फिरत राहतो. त्या दिवशी खरखर करत काही क्षणांत थांबला. मिस्त्रींनी ते पाहिलं. मी बेअरिंगच्या घराला हात लावला आणि दोन मोजायच्या आत काढला. करपलेल्या ग्रीसचा वास येत होता.

"मघाशी नऊपर्यंत टेकला होता हात," ते म्हणाले. "म्हटलं नवं हाय, बसेल. ग्रीस तर मी मोजून घातलं होतं."

"मी भरलं. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सांगायचंत तरी. मी समोर उभा होतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. उघडून पाहिलं तर बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांना तापून निळसर झाक आली होती, जोडी टाकाऊ. मिस्त्री हात धुऊन घरी गेले आणि दोन दिवस आले नाहीत. त्या दोन दिवसांत मी दगडासमोरून एकदाही चालले नाही, मशीन बंद असूनही.

तिसऱ्या दिवशी आले. नवी जोडी आठवड्याने आली. मिस्त्रींनी बसवली, ग्रीस मोजून घातलं, झाकण लावलं, आणि चहाला बाहेर गेले. मी मुद्दाम दारात, त्यांना दिसेल अशी उभी राहिले. ते परत आले, दगड हातात घेतला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, काय घातलंत का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही घातलं, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली. दगड खाली ठेवला, पाना घेतला आणि चारही बोल्ट काढून, बॅटरी मारून आत नीट बघितलं. बेअरिंग विनाकारण उघडायचं नाही, धूळ जाते, हे त्यांना मीच शंभरदा सांगितलेलं. मी पुढे होऊन त्यांच्या हातातली बॅटरी घेतली. झाकण परत लागेपर्यंत ती धरून उभी राहिले.