चाचणीवर राहिलेली कळ

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डलूथ गावातल्या आमच्या पतपेढीच्या तळघरात बैठकीची एक खोली आहे. गावातले वेबसाइट बनवणारे महिन्यातून एका मंगळवारी संध्याकाळी तिथे जमतात. मी पतपेढीचे हिशेब पाहतो. त्यांच्या कामातलं मला फारसं कळत नाही, पण कुलूप लावायचं असतं म्हणून थांबतो. आयला नीमीची ओळख तिथेच झाली.

आयला पन्नाशीची, कमी बोलणारी. शाळा, चर्च, लहान दुकानं यांच्या वेबसाइट ती एकटी सांभाळते. तिचा एक ब्लॉग आहे. आपल्या हातून काय बिघडलं आणि ते कसं सुधारलं, एवढंच ती त्यात लिहिते. सुधारलेला कोडही तिथे ठेवते, ज्याला हवा त्याने न्यावा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी दोन शब्द असतात : दुरुस्त झालं. बैठकीतली पद्धतही तिचीच. या महिन्यात आपण काय मोडलं ते एकाने उभं राहून सांगायचं, मगच सूप वाढायचं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. शाळा बंद ठेवायची तर पालकांना फोनवर निरोप जातो. ती व्यवस्था आयलाने बांधलेली. एक दिवस तिने त्या व्यवस्थेची चाचणी घेतली. चाचणीच्या वेळी निरोप फक्त तिच्याच फोनवर यावा अशी एक कळ त्यात असते. कळ हातानेच परत फिरवावी लागे आणि ती चाचणीवर आहे असं कुठे दिसत नसे; ती फिरवायची राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेने बंदचा निरोप सोडला, तो आयलाच्या फोनवर आला. सगळ्यांना गेला असं समजून ती दारातला बर्फ काढायला गेली.

निरोप दुसऱ्या कोणालाच गेला नव्हता. टेकडीवरच्या थांब्यांवर मुलं उभी राहिली आणि शाळा बंद म्हणून बस आल्याच नाहीत. दुसरीतल्या एका मुलीचा हातमोजा हरवला होता. थंडीने गोठलेलं तिच्या करंगळीचं टोक डॉक्टरांना वाचवता आलं नाही.

शाळेच्या कार्यालयाने आयलाला बोलावलं. यंत्रणेत बिघाड झाला एवढंच आम्ही सांगू, तुम्ही कुठे काही लिहू नका, तुमचं काम पुढे चालू राहील, असं तिला सांगण्यात आलं. तिचं घर त्याच कामावर चालत होतं. पण तोच कोड तिने वर्षापूर्वी ब्लॉगवर ठेवला होता, आणि उत्तरेकडच्या कितीतरी लहान गावांनी तो उचलला होता.

त्या मंगळवारी ती आली. कागद गिरणीतून निवृत्त झालेला, आता आपल्या चर्चची वेबसाइट बघणारा ड्वेन स्कारस्टॅड पातेल्याजवळ उभा होता.

"आज तुझी पाळी, आयलाबाई. आटप लवकर, तांदळाचं सूप गार झालं तर मी घरी घेऊन जाईन."

तिने सगळं सांगितलं. शाळेने काय अट घातली तेही सांगितलं.

मग ड्वेन हळू आवाजात म्हणाला, "अगं, मग नुसता सुधारलेला कोड टाक ना. कशाला सगळं उकरतेस? ज्यांना हवाय ते घेतील."

"का घ्यायचा ते सांगितल्याशिवाय कोण घेतं, ड्वेन? मागच्या वेळचा तू घेतलास?"

ड्वेनच्या चर्चच्या म्हाताऱ्या मंडळींना थंडीचे निरोप त्याच कोडवरून जात. तो खुर्चीत बसला, लॅपटॉप उघडला आणि ती कळ शोधून काढली.

"माझीपण चाचणीवरच आहे," तो म्हणाला. "मला येतात निरोप. मला वाटायचं, सगळ्यांना जातात."

आयला त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघांनी मिळून ती कळ फिरवली. मग तिने तिथेच नोंद लिहून काढली, ड्वेनकडून वाचून घेतली आणि सर्वांसमोर प्रसिद्ध केली. सूप त्या दिवशी कोणी वाढलं नाही.

शाळेने तिचं काम काढून घेतलं. आता ती सकाळी एका बेकरीत पाव भाजते आणि दुपारी उरलेल्या वेबसाइट बघते. बैठकीला नेमाने येते. उत्तरेकडच्या गावांतून तिला पत्रं येत राहिली, आमचीही कळ तशीच होती म्हणून. त्या सर्वांना तिने उत्तरं दिली.

ती नोंद मी अधूनमधून उघडतो. कोड समजत नाही, म्हणून सरळ शेवटाकडे जातो. तिथे मुलीच्या करंगळीबद्दलचं वाक्य आहे, आणि त्याखाली काही नाही. ते दोन शब्द तिने तिथे लिहिलेले नाहीत.